‘घरातलं’ घराबाहेर कसं आलं

आजच्या भागात आम्ही हप्त्याचं आणि कर्जाचं बोलणार नाही. हप्ते गोळा होतात, वही मिटते, चहा होतो आणि मग बैठकीत जी गोष्ट हळूच निघते, तिच्याबद्दल बोलणार आहोत. कोणीतरी पदर पुढे ओढून कोपऱ्यात बसलेली असते. विचारलं तर म्हणते, ‘लाकडं आणताना पडले.’ ती कुठे पडली ते सगळ्यांना ठाऊक असतं. कोणी जाणती बाई म्हणते, ‘जाऊ द्या, घरातलं आहे.’

हे ‘घरातलं आहे’ म्हणणं जुनं आहे, पण ते देवाने लिहून ठेवलेलं नाही. ते मोडायला बायांनी सुरुवात केली, आणि महाराष्ट्रात ती सुरुवात करणाऱ्यांत आदिवासी बाया पुढे होत्या. शाळेच्या पुस्तकात हे सापडत नाही, म्हणून आज सांगतो.

आधी आपल्याच भागापासून धरू. जव्हार तेव्हा मुकणे राजांचं संस्थान होतं. शेजारी डहाणू, तलासरी, उंबरगाव इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. तिथे वारली माणसं जमीनदारांकडे वेठीला होती. लग्नाला पैसे नाहीत म्हणून सावकाराकडून उचलायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. अशा गड्याला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज नवऱ्याच्या नावावर असलं, तरी त्याच्याबरोबर बायकोही बांधली जायची. ती शेतात राबायची, मालकाच्या घरी राबायची, आणि मालकाच्या मनात आलं तर तिच्या अंगावरही त्याचाच हक्क समजला जायचा. नवरा काही बोलू शकत नव्हता. बोलला तर चाबूक.

23 मे 1945 ला उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं ठरलं. पुढे संप झाले. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली, पण वेठ मोडली. गोदावरीबाईंनी हे सारं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आमच्या वाचणाऱ्या मुलींना सांगणं आहे, मिळालं तर नक्की वाचा. त्यातले पाडे आपल्या पाड्यांसारखेच आहेत.

त्या लढ्याने मालकाचा हात बाईच्या अंगावरून निघाला. नवऱ्याचा हात मात्र तसाच राहिला. मालकाविरुद्ध उभं राहणं ही चळवळ झाली, आणि चुलीपुढचा मार ही घरातली गोष्ट राहिली. आम्ही हे त्या लढ्याला नावं ठेवायला सांगत नाही. एका वेळी एकच दार उघडतं. पण दुसरं दार उघडायला आणखी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं लागली.

ते उघडलं शहाद्याला. शहादा आता नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. तिथली भिल्ल माणसं आपल्याच जुन्या जमिनींवर मजूर म्हणून राबत होती. अंबरसिंग सुरतवंती नावाच्या भिल्ल कार्यकर्त्याने त्यांना एकत्र केलं आणि 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. प्रश्न जमिनीचा आणि मजुरीचा होता. त्यातच 1972 चा दुष्काळ आला. खडी फोडायच्या कामावर बायाही गेल्या. मोर्चात त्या पुढे असायच्या, घोषणा त्याच द्यायच्या. शहाद्यावर लिहिणाऱ्या संशोधकांनी, मग त्या जर्मनीच्या मारिया मीस असोत की अमेरिकेहून येऊन महाराष्ट्राच्याच झालेल्या गेल ऑम्वेट, बाया पुरुषांपेक्षा जास्त नेटाने लढत होत्या असं नोंदवलं आहे.

मग बायांची शिबिरं भरू लागली. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांना वाटलं असेल, या मजुरीचं बोलतील. बायांनी नवऱ्याच्या दारूचं आणि माराचं बोलायला सुरुवात केली. आठवड्याची मजुरी गुत्त्यावर जाते आणि रात्री उरलेला राग पाठीवर निघतो. बोलून त्या थांबल्या नाहीत. जथ्याने निघाल्या, गावोगाव दारूच्या भट्ट्यांवर गेल्या आणि मडकी फोडली. एका गावच्या बाया दुसऱ्या गावच्या बायांच्या मदतीला जायच्या, कारण आपल्याच गावच्या भट्टीवाल्याशी वैर घेणं अवघड असतं. हे आजही तसंच आहे, तुम्हाला सांगायला नको.

आणि मडक्यांवरून त्या नवऱ्यांवर आल्या. कोणी बायकोला मारलं असं कळलं, की बाया मिळून त्या घरी जायच्या. त्याला चारचौघांत उभा करायच्या, जाब विचारायच्या, बायकोची माफी मागायला लावायच्या. काही वेळा चोपही दिला. चोप देणं बरोबर की चूक यावर आमच्यात वाद होतात. आमचं मत असं, की आज तो रस्ता धरू नये. केस उलटी आपल्यावर होते आणि तिच्यावर घरात दुप्पट राग निघतो. पण त्या बायांनी एक मोठी गोष्ट केली. बाईला मारणं ही संघटनेची गोष्ट आहे, असं त्यांनी संघटनेला मानायला लावलं. जो पुरुष दिवसा जमीनदाराविरुद्ध घोषणा देतो आणि रात्री बायकोला तुडवतो, त्याला त्यांनी दोन्ही एकाच तराजूत तोलायला लावलं.

शहाद्यात हे चालू असताना, त्याच 1972 च्या मार्च महिन्यात, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला देसाईगंज इथे एक वाईट गोष्ट घडली. देसाईगंजला वडसाही म्हणतात. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपुरात होतं. चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मजूर मुलगी. तिच्या भावाने पोलीस ठाण्यात एक तक्रार दिली होती, म्हणून तिला जबाबासाठी बोलावलं. रात्री साडेदहाच्या सुमारास जबाब संपले. बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं. ठाण्यातच एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला, दुसऱ्याने अंगाला हात घातला, असं तिने सांगितलं.

त्या मुलीचं नाव तेव्हा सगळीकडे छापून आलं आणि आजही पुस्तकांत त्याच नावाने खटला ओळखला जातो. आम्ही ते घेणार नाही. तिच्याच खटल्यानंतर जो कायदा झाला त्यात पीडित बाईचं नाव छापायला बंदी आली, मग आपण तरी ते का घ्यावं?

1974 मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही शिपायांना सोडलं. मुलीला आधीपासून संबंधांची सवय होती, असं कारण दिलं. 1976 मध्ये नागपूरला उच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणं म्हणजे राजी असणं नव्हे, असं तिथे मानलं गेलं. मग सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने ओरडा केला नाही, म्हणून ती राजी होती. बायांनो, रात्रीचं पोलीस ठाणं, दार आतून बंद, आणि ती सोळा वर्षांचीही नाही. तिने कोणाला हाक मारायची होती?

निकाल लागला तेव्हा फारसं कोणाला कळलं नाही. वर्षभराने, सप्टेंबर 1979 मध्ये, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी देशाच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही त्यांची नावं. घाबरून शरण जाणं आणि राजी असणं यात फरक असतो, हा त्यांचा मुद्दा होता. पत्र हातोहात फिरलं. 1980 च्या सुरुवातीला मुंबईत बायांनी फोरम अगेन्स्ट रेप, म्हणजे बलात्काराविरोधी मंच, उभा केला. त्या वर्षीच्या 8 मार्चला अनेक शहरांत बाया रस्त्यावर उतरल्या. पुढे त्या मंचाकडे मार खाणाऱ्या, घरातून हाकललेल्या बायाही येऊ लागल्या. मग मंचाने आपलं नावही बदललं, कारण बलात्कार आणि घरातला मार ही एकाच झाडाची फळं आहेत हे त्यांना कामातून दिसलं.

1983 च्या डिसेंबरात कायदा बदलला. पोलीस ठाण्यात, तुरुंगात, सरकारी दवाखान्यात असा गुन्हा झाला आणि बाई म्हणाली की मी राजी नव्हते, तर न्यायालयाने ते आधी खरं धरायचं. खटला बंद दाराआड चालवायचा. नाव छापायचं नाही. त्याच महिन्यात 498अ हे कलमही आलं. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. नवऱ्याचा छळ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आपल्या फौजदारी कायद्यात पहिल्यांदा त्या वेळी आला. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता लागू झाली आणि त्या कलमाचा आकडा आता 85 झाला आहे. ठाण्यात कोणी म्हणालं की ‘498 आता नाही’, तर आकडा बदलला आहे, गुन्हा गेलेला नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि देसाईगंजच्या निकालातलं ‘जखमा नाहीत म्हणजे राजी’ हे शेवटी 2013 मध्ये कायद्याने खोडलं. अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून बाई राजी होती असं आता धरता येत नाही. निकालापासून पस्तीस वर्षं लागली त्याला.

पण कायदा मार बसल्यावर येतो. आधी थांबवायचं कसं? यावर दोन-तीन कामं महाराष्ट्रात झाली, ती थोडक्यात सांगतो. 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाज विज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजसेविका पोलिसांच्या आवारातच बसणार, म्हणजे बाई ठाण्यात आली की तिला पहिल्यांदा बाईच भेटणार. असे कक्ष पुढे राज्यभर झाले. 2000 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र निघालं, मुंबई महानगरपालिका आणि सेहत संस्थेचं मिळून. तिथली युक्ती आम्हाला फार पटते. मार खाणारी बाई ठाण्यात जात नाही, पण दवाखान्यात जाते. ‘जिन्यावरून पडले’, ‘चुकून औषध पोटात गेलं’ असं सांगते. नर्सबाईला शिकवलं, की पट्टी बांधताना हळूच विचार, घरी कोणी मारलं का? एवढ्या एका प्रश्नाने कितीतरी बाया बोलत्या झाल्या.

विचारणं एवढं महत्त्वाचं का, ते सरकारी पाहणीतून कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या लग्न झालेल्या बायांपैकी 29 टक्के बायांनी सांगितलं, की नवऱ्याने कधी ना कधी मारलं किंवा जबरदस्ती केली. आणि ज्यांनी अत्याचार सोसला, त्यातल्या 77 टक्के बायांनी मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या सात-आठ गप्प.

आपल्या भागाला यात आणखी एक धागा आहे. 1992 मध्ये वावर-वांगणीची मुलं गेली, तेव्हा आपलं नाव देशभर झालं. अधिकारी आले, मुलांची वजनं लिहायला सुरुवात झाली. आईच्या पाठीवरचे वळ मात्र कोणत्याच वहीत आले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं, की जोडीदाराचा मार खाणाऱ्या बाईला कमी वजनाचं मूल होण्याची शक्यता 16 टक्क्यांनी जास्त असते. कुपोषणाची कारणं पुष्कळ आहेत, रोजगार, जमीन, रस्ता, दवाखाना. पण गरोदर बाईच्या पोटात लाथ बसते तीही त्यातच मोजायला हवी. आशाताई आणि अंगणवाडीताई वजन लिहिताना तो एक प्रश्न विचारू शकतात. काही जणी विचारतातही.

आता आपल्या गटांचं. पुष्कळांना वाटतं, बाईच्या हातात पैसा आला की मार आपोआप थांबेल. नेहमी तसं होत नाही. कधी कधी कर्जाच्या पैशावरूनच मार बसतो. दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात गरीब बायांच्या कर्जगटांबरोबर एक प्रयोग झाला. दर पंधरवड्याच्या बैठकीत हप्त्याबरोबर मारावर, लग्नातल्या रिवाजांवर, शरीरसंबंधांवर ठरवून बोलायचं. दोन वर्षांनी त्या बायांवरचा जोडीदाराचा अत्याचार निम्म्याहून खाली आला, हे 2006 मध्ये छापून आलं. नुसतं कर्ज मिळालेल्या गावांत पैशाची स्थिती सुधारली, पण असा फरक दिसला नाही. वही मिटल्यावर जे बोलणं होतं ते वही उघडी असतानाच व्हावं, असं आम्ही म्हणतो ते म्हणूनच.

2008 मध्ये ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम टीव्हीवर आली होती. शेजारी मार चालू असेल तर जा आणि दाराची बेल वाजवा, काहीतरी कारण सांगा, दूध मागा, वेळ विचारा. हात तेवढ्यापुरता थांबतो. आमच्या पाड्यांवर दाराला बेल नाही, भिंतीही कुडाच्या. आवाज सगळ्यांनाच जातो. तरी आपण कूस बदलून झोपतो. दोघी-तिघींनी मिळून जावं, एकटीने नको. ‘वहिनी, विस्तव द्या’ म्हणून हाक मारली तरी चालेल.

समेटाबद्दल एक सांगायचं आहे. गावचे पंच बसतात, दंड ठरतो, नवरा ‘पुन्हा नाही’ म्हणतो, तिला पाठवून देतात. सगळ्यांना बरं वाटतं. तिला कोणी विचारलेलंच नसतं. ‘मी देज दिला आहे’ असं नवरा म्हणाला की पंचही मान हलवतात. देज हा मुलीचा मान म्हणून द्यायची रीत आहे, बाईची किंमत म्हणून नाही. आमचं म्हणणं एवढंच, की पंचांआधी गटातल्या बायांनी तिला बाजूला घेऊन विचारावं, तुला काय हवं? परत जायचं आहे का? रात्री भीती वाटते का? गळा दाबला होता का? गळा दाबला असेल तर समेट नको. तिथून पुढे जीव जाऊ शकतो. आणि बलात्काराचा तर समेट असतच नाही. मुलगी अठरा वर्षांखालची असेल आणि माहीत असूनही कळवलं नाही, तर तोही 2012 च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे.

2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, जो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, तो आपल्या बायांसाठी विशेष उपयोगी आहे. आपल्याकडे खर्च परवडत नाही म्हणून जोडपी आधी एकत्र राहतात, पोरं होतात आणि लग्न मागून लागतं. ‘तुझं लग्नच नाही, तर तक्रार कसली?’ असं तिला ऐकवतात. या कायद्यात लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे. तिला राहत्या घरातून हाकलता येत नाही. मार, शिव्या, जबरदस्ती, पैसे काढून घेणं, सगळं त्यात धरलं आहे. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. बाईला सरकारी वकील फुकट मिळतो, मग तिची कमाई कितीही असो. बलात्कार झालेल्या बाईवर कोणत्याही दवाखान्याने, खासगी असला तरी, फुकट उपचार करायचे असतात. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणाची ते पोलीस मागून बघतील. फोन 181, नाहीतर 112.

हे सगळं जव्हार-मोखाड्यात असताना. दिवाळी झाली की अर्धे पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर. उचल नवऱ्याच्या हातात दिलेली असते, विटा मात्र दोघं पाडतात. तिथे गट नाही, माहेर नाही, ओळखीची आशाताई नाही. शेजारच्या खोपटात दुसऱ्याच तालुक्यातली माणसं. शेठ आणि मुकादम कसे वागतात तेही बाया परत आल्यावर होळीला सांगतात, तोवर चार महिने गेलेले असतात. लग्नगड्याची बायको आणि ही, यांच्यात किती अंतर आहे ते तुम्हीच बघा.

म्हणून या वेळी काही गटांनी ठरवलं आहे, की निघण्याआधी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीच्या भट्टीचं गाव, शेठचं नाव आणि जवळचं पोलीस ठाणं लिहून ठेवायचं. एका पाड्यातल्या दोघी तरी एकाच भट्टीवर जातील असं बघायचं. दर आठ दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, गावात राहिलेल्या बाईने फोन करायचा आणि पोरांची विचारपूस करता करता एक ठरलेला शब्द ऐकायचा. तो शब्द कोणता ते प्रत्येक गटाने आपापलं ठरवलं आहे, रेडिओवर सांगणार नाही. तुमच्या गटाने अजून ठरवला नसेल तर दिवाळीला वेळ आहे.